झोप न लागणारा रस्ता

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरातून सावली गावाकडे निघालं की शहर संपता संपता डाव्या हाताला जलालुद्दीन शेख यांचं दुकान लागतं. टिनाच्या छपराची एक खोली, मागे लागूनच माडीचं घर, समोर बाभळीचं झाड. जळालेल्या विजेच्या मोटारी इथे येतात. धानाच्या बांधावरचे पंप, राइस मिलच्या मोटारी, उन्हाळा लागला की कूलर. जलालभाई त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार ओढून काढतात आणि नवी तांब्याची तार भरतात. उभं आयुष्य त्यांनी हेच केलं. बोटांच्या टोकांवर वार्निशचा पिवळा थर बसलाय, तो आता आंघोळीनेही जात नाही.

तरुणपणी काही वर्षं ते बल्लारपूरकडे एका कारखान्यात होते. तिथे छताखालून चालणारी एक क्रेन होती. तिच्या वाटेने तांब्याच्या उघड्या पट्ट्या बसवलेल्या, आणि क्रेनचा एक हात त्या पट्ट्यांना घासत वीज घेत जायचा. डिझेल नाही, बॅटरी नाही, आणि रूळ सोडून जाण्याचा तर प्रश्नच नाही. नोकरी सुटली तरी ती क्रेन जलालभाईंच्या डोक्यातून गेली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी मूलमध्ये विजेवरच्या कार दिसायला लागल्या. एक जण आपली कार घेऊन दुकानात आला. चार्जर चालत नव्हता. जलालभाईंनी खाली वाकून पाहिलं आणि बायकोला घरात जाऊन सांगितलं, "रहमत, अर्धी गाडी तर बॅटरीच होय. पाणी प्यायसाठी कोणी विहीर पाठीवर घेऊन फिरते का? रस्त्यानंच वीज द्यायला पायजे."

रहमतबी तांदूळ निवडत होत्या. "रस्त्यानं पहिले गड्डे देणं बंद केलं तरी पुरे," त्या म्हणाल्या.

मुलगी निशात चंद्रपूरला शिकायला होती. तिने मोबाइलवर शोधून दाखवलं की परदेशात कुठेतरी रस्त्यात पट्टी बसवून गाड्यांना वीज देऊन पाहिली आहे. जलालभाईंनी ते चित्रण इतक्यांदा पाहिलं की घरातले कंटाळले. त्यांच्या मनात मग एक रस्ता तयार होऊ लागला. चंद्रपूरहून गडचिरोलीपर्यंत, पुढे आष्टी, आलापल्ली, थेट सिरोंच्यापर्यंत. मध्ये खाच, खाचेत वीज. गाडी रस्त्यावर चढली की तिचा हात खाली येईल, वीज घेईल, आणि उतरताना हात वर जाईल. मुलगा आकिब हे ऐकून हसायचा. "अब्बा, चंद्रपूरची वीज जंगलावरून तारांनी दूर चालली जाते. खालच्या गावात दिवा लागत नाई. तुमी रस्त्याले कुठून देता?"

"देऊ ना. तार तं वरूनच चालली."

असं ते घरातलं हसण्याचं बोलणं होतं. तेव्हा.

आकिबची स्वतःची कार होती, भाड्याने चालवायची. दक्षिण गडचिरोलीतले पेशंट तो चंद्रपूरला, नागपूरला, कधी नदीपलीकडे तेलंगणात वरंगलला न्यायचा. पक्का ड्रायव्हर. सिरोंच्याचा रस्ता त्याला पाठ होता, कुठल्या वळणावर सकाळी रानडुकरं असतात तेही. बाळंतपणाच्या केसेस तो कधी नाकारायचा नाही. तो स्वतः जन्मला तेव्हा रहमतबींना बैलगाडीतून दवाखान्यात न्यावं लागलं होतं, ती गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकलेली.

त्या हिवाळ्यात तो एक पेशंट सोडून रात्रभराच्या प्रवासानंतर घरी येत होता, तेवढ्यात सिरोंच्याकडून फोन आला. एका बाईची अवस्था बिकट होती, नागपूरला हलवायला सांगितलं होतं आणि अँब्युलन्स दुसरीकडे गेलेली. आकिब तसाच वळला. बाई नागपूरला वेळेत पोचली, मूलही वाचलं. बाईच्या सासूला गडचिरोलीहून सिरोंच्याची बस धरायची होती. दुसऱ्या सकाळी आकिबने त्या म्हातारीला गडचिरोलीच्या स्टँडवर सोडलं आणि घराकडे निघाला. वैनगंगेचा पूल ओलांडला, सावली मागे टाकलं. ऊन चांगलं वर आलं होतं. रस्ता सरळ, रिकामा. घर अगदी जवळ राहिलं होतं.

वाटेतल्या वाकलटोल्याच्या फाट्याजवळ त्या गावचा भूपेश मेश्राम सायकलने मूलकडे चालला होता. मागे कॅरिअरला मासळीची टोपली. तळ्यातली मासळी तो मूलच्या बाजारात आणायचा. रस्त्याच्या अगदी कडेने चालला होता. आकिबचे डोळे मिटले, आणि उघडले ते आवाजाने.

तो पळाला नाही. भूपेशला त्याने स्वतःच्या हातांनी उचललं, गाडीत घातलं आणि मूलच्या दवाखान्यात आणलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत भूपेश गेला होता. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर आकिब तिथेच पायरीवर बसला. जलालभाई धावत आले तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं आणि मासळीचे खवले चिकटलेले होते.

"डोळा लागला, अब्बा," तो म्हणाला. "एक मिनिट बी नाई. एवढाच."

"चूप राह्य," जलालभाई म्हणाले. पुढे त्यांना पुष्कळदा वाटलं की बापाने मुलाला त्या वेळी म्हणायला हवं होतं ते हे नव्हे.

केस झाली. जामीन झाला. वकिलांनी सांगितलं, झोपेचं नाव काढायचं नाही. सायकल अचानक आडवी आली असं म्हणायचं, पाहणारं कोणी नव्हतं. जलालभाईंनी मान डोलावली. आकिब काही बोलला नाही, आणि वकिलांनी ते होकार म्हणून धरलं.

जलालभाई चार माणसं घेऊन वाकलटोल्याला भेटायला गेले. गाव छोटं, रस्त्यापलीकडे तळं, बहुतेक घरं ढिवरांची, तळ्यात मासे धरणाऱ्यांची. फाट्यावरच लोकांनी त्यांना अडवलं. शिव्या दिल्या नाहीत कोणी. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "आता नोका जाऊ भाऊ. त्याची माय शुद्धीवर नाई." ते परत आले.

भूपेशच्या वडिलांना, बापूजींना त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं ते कोर्टात. बारीक, उंच माणूस, डोक्याला पंचा, पायाला पाण्याने पडलेल्या भेगा. कोर्ट मूललाच. तारखा पडत आणि पुढे ढकलल्या जात. आवारात कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. सावली तेवढीच, म्हणून दोघांनाही तिथेच बसावं लागायचं, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. आकिब लांब, भिंतीशी उभा असायचा. कित्येक तारखा त्यांनी एकमेकांशी न बोलता काढल्या. मग एकदा उन्हाळ्यात बापूजींना भोवळ आली. जलालभाईंनी पाणी आणून दिलं, बापूजींनी ते घेतलं. त्यानंतर थोडंथोडं बोलणं सुरू झालं. तळ्यात यंदा पाणी किती, धान कसं आहे, एवढंच. भूपेशचं नाव कोणी काढायचं नाही.

घरी आकिब बोलायचा बंद झाला होता. गाडी विकून टाकली. दिवसभर माडीवर पडून राहायचा, जेवायला हाक मारली की खाली यायचा. आणि खाली, दुकानात, जलालभाईंनी प्लायवूडचा एक मोठा फळा आणला होता.

पहिला रस्ता फक्त वीज देत होता. आता जलालभाईंना वाटत होतं की तेवढं पुरे नाही, रस्त्याने गाडी धरूनही ठेवली पाहिजे. फळ्यावर त्यांनी खाच पाडून दोन तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. खाचेखाली, लाकडाच्या पोटात एक तार फिरवली आणि तिच्यात वेगळा बारीक करंट सोडला. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर एक छोटी कार तयार केली. तिच्या पोटाखाली मोटारीतले कार्बनचे दोन तुकडे, पट्ट्यांना घासून वीज घ्यायला. तिच्या नाकाखाली डावी-उजवीकडे दोन बारीक कॉइल. गाडी उजवीकडे सरकली की पुरलेली तार डाव्या कॉइलच्या जवळ येई, तिथला करंट वाढे आणि चाकं आपोआप डावीकडे वळत. डावीकडे सरकली की उलट. गाडी तारेला सोडून जाऊच शकत नव्हती. समोर दुसरी गाडी थांबली तर मागचीची वीज आपोआप तुटावी, ही सोयही त्यांनी केली. कित्येक महिने गेले यात. लोकांच्या मोटारी पडून राहायच्या, गिऱ्हाईकं कुरकुरायची.

ज्या दिवशी गाडी फळ्यावर पूर्ण चक्कर मारून आली, त्या दिवशी जलालभाईंनी रहमतबींना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या, गाडी फिरताना पाहत राहिल्या.

"हे कायसाठी?" त्यांनी विचारलं.

"ड्रायव्हरले झोप लागते, रहमत. रस्त्याले लागत नाई."

रहमतबींनी वर माडीकडे पाहिलं. "हळू बोला," त्या म्हणाल्या.

पण जलालभाई हळू बोलत नव्हते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते गाडी फिरवून दाखवायचे आणि तेच वाक्य म्हणायचे. प्लायवूडवर फिरणाऱ्या गाडीची गुणगुण आणि ते वाक्य माडीवर ऐकू जायचं.

कोर्टातल्या बाकावर त्यांनी बापूजींनाही सांगितलं. बोलता बोलता हातांनी रस्ता दाखवला, गाडी दाखवली. बापूजी शांतपणे ऐकत राहिले. पंचाने घाम पुसला.

"मंग सायकल?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्या रस्त्यावर सायकल कुठून जाते?"

जलालभाईंनी हवेत कडेला आणखी एक रेघ ओढली. "सायकलले बाजूनं वेगळी वाट करता येईन."

"आन् मोहा वेचून येणाऱ्या बाया? बकऱ्या? आमच्या टोल्याचं तळं रस्त्याच्या त्या अंगाले हाये, घरं या अंगाले. दिवसातून किती खेपा होतात." बापूजींच्या आवाजात राग नव्हता, माणूस नवीन जाळ्याबद्दल विचारतो तसं त्यांनी विचारलं. "गाडीवाल्याचं बरोबर हाये तुमचं, जलालभाऊ. तो सुटला. आमी कुठी जायचं?"

नाव पुकारलं गेलं, दोघे उठले. त्या संध्याकाळी जलालभाईंनी फळ्यावर खाचेच्या दोन्ही बाजूंनी खराट्याच्या काड्यांचं कुंपण लावून पाहिलं. मग कुंपणात एक फट ठेवली. मग फट बुजवून खालून जाणारी वाट कोरली. गाडी आता अधिकच सुरक्षित दिसत होती. फळ्याच्या उरलेल्या जागेत मात्र काय ठेवावं ते त्यांना कळेना.

चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नागसेन वाळके म्हणून प्राध्यापक होते, मूलचेच. घरच्या पंपाची मोटार घेऊन ते दुकानात आले आणि तो फळा पाहून तिथेच बसून राहिले. प्रत्येक कॉइलबद्दल त्यांनी विचारलं. मग जरा संकोचत म्हणाले, "जलालभाई, काम फार सुंदर झालंय. पण तुम्हाला खरं सांगतो. तारेवर गाडी धरून ठेवायचं हे परदेशात फार पूर्वी करून पाहिलंय. साठ-सत्तर वर्षं झाली असतील. चालल्याही होत्या गाड्या."

जलालभाईंचा चेहरा उतरला. कल्पना आपली एकट्याची नाही याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं, करता येत असूनही रस्ता झाला नाही याचं वाटलं. "मंग सर," त्यांनी विचारलं, "इतक्या वर्सात कोणी बनवला काऊन नाई?"

"खर्च. आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी तशाच हव्यात. रस्ता पूर्ण बंदिस्त हवा, मध्ये दुसरं कोणी नको. आता तर गाडीलाच डोळे बसवतात, रस्त्याला कोणी हात लावत नाही." नागसेन सरांना वाईट वाटलं असावं. कॉलेजात प्रदर्शन भरणार होतं, तिथे तुमचं मॉडेल ठेवू, मुलांना शिकायला मिळेल, असं त्यांनी सुचवलं. जलालभाई तयार झाले.

फळा जड होता, एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. जलालभाईंनी आकिबला सोबत यायला सांगितलं. आकिब तयार झाला, तेव्हा रहमतबींना बरं वाटलं. पोरगा घराबाहेर तरी पडतोय. निशात चंद्रपुरातच होती, तीही कॉलेजात येऊन थांबली.

प्रदर्शनात गर्दी चांगली होती. विद्यार्थी, त्यांचे आईबाप, शाळांच्या सहली. छोटी गाडी फळ्यावर फिरत होती आणि जलालभाई समजावून सांगत होते. किती वर्षांत इतकं ऐकून घेणारं त्यांना कोणी भेटलं नव्हतं. ते रंगात आले. "सिरोंच्याहून निघालेला माणूस झोपून नागपूरले पोचन," ते म्हणाले. "हे पहा, समोर कोणी थांबलं का मागची गाडी खुद थांबते. ड्रायव्हरले झोप लागते. रस्त्याले झोप लागत नाई."

"मग ड्रायव्हर कशाला लागेल?" एका मुलीने विचारलं.

"लागतच नाई. हादसे कायनं होतात? माणसानं. माणूस काढून टाका, हादसा बंद."

लोकांनी माना डोलावल्या. आकिब फळ्याच्या मागे वायर धरून बसला होता. त्याने वायर खाली ठेवली. गाडी थांबली. तो उठला आणि गर्दीतून बाहेर चालता झाला. निशात त्याच्या मागे गेली. जलालभाईंना आधी वाटलं, जोड सुटला. त्यांनी वाकून तपासलं. मग दारातून निशात हाताने बोलावताना दिसली.

आकिब सायकल स्टँडजवळ उभा होता. अपघाताच्या दिवसानंतर इतकं सलग तो पहिल्यांदाच बोलला.

"अब्बा, कोर्टात मले सांगता, चूप राह्य. सायकल आडवी आली म्हण. आन् इथी हजार लोकायले सांगून राह्यले का ड्रायव्हर झोपला होता."

"तुझं नाव कुठी घेतलं मी?"

"रोज घेता. माडीवर ऐकू येते मले. रोज तेच. ड्रायव्हरले झोप लागते. मले माहीत हाये मी झोपलो होतो. कोणाले तरी मी एक बार सांगू द्या ना. तुमी तं रस्ता बनवून मोकळे झाले."

"मी तुह्यासाठी..." जलालभाई म्हणाले. हे सगळं त्यांनी कोणासाठी केलं होतं, ते त्यांना त्या क्षणी नीट सांगता आलं नाही. पुढल्या कोण्या मुलाचा डोळा लागला तर रस्त्याने त्याला सांभाळावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आपला मुलगा त्यात रोज नव्याने आरोपी होतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"भैया, बस कर आता," निशात म्हणाली. ती रडत होती. आकिबने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि फाटकातून निघून गेला. बसने तो एकटाच मूलला गेला.

फळा जलालभाईंनी परत आणलाच नाही. नागसेन सरांना सांगितलं, ठेवून घ्या. काही दिवस तो प्रयोगशाळेत टेबलावर होता, मग भिंतीला उभा टेकवला गेला. पट्ट्या चांगल्या तांब्याच्या होत्या, त्या पुढे मुलांच्या दुसऱ्या कामाला लागल्या. निशातने ते पाहिलं आणि घरी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या तारखेला साक्षी संपल्या होत्या. अशा वेळी न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात, तुम्हाला काही सांगायचं आहे का. वकिलांनी उत्तर आधीच शिकवून ठेवलं होतं. कोर्टात पंखा करकरत होता. मागच्या बाकावर जलालभाई, त्यांच्यापासून जरा दूर बापूजी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा भूपेशची आई गोकुळाबाईही आल्या होत्या.

आकिब म्हणाला, "सायकल आडवी आली नाई. तो कडेनं चालला होता. मी झोपलो होतो."

वकील उठून उभे राहिले. न्यायाधीशांनी त्यांना हाताने खूण करून बसवलं आणि आकिबला विचारलं, हे कोणाच्या दबावाखाली बोलता आहात का, परिणाम समजतात का.

"समजते साहेब," आकिब म्हणाला. "दोन दिवसाचा जागा होतो. गाडी थांबवायले पायजे होती. घर जवळ हाये म्हणून थांबवली नाई."

गोकुळाबाईंनी तोंडाला पदर लावला.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले. जलालभाई सवयीने बाकाकडे गेले. बापूजी तिथे आधीच होते, पण बसले नव्हते.

"तुमाले माहीत होतं?" बापूजींनी विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बापूजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "गावातले लोक मले विचारत होते," ते सावकाश म्हणाले. "तुह्या पोराले सायकल सांभाळता येत नव्हती का म्हणून. मी बी मनात म्हणत होतो, काऊन वळला असन तो. कशाले वळला असन. तुमी बाजूले बसून पाण्याच्या गोष्टी करत होते. रस्ता सांगत होते मले." त्यांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि गोकुळाबाईंना घेऊन आवाराच्या बाहेर गेले. उरलेला दिवस ते दोघे उन्हात फाटकापाशी उभे होते.

आकिबला शिक्षा झाली. त्याने खरं सांगितलं हे न्यायाधीशांनी निकालात लिहिलं आणि शिक्षा काही कमीही केली. पण तुरुंग टळला नाही. पोलिसांनी नेताना रहमतबींनी त्याला स्वेटर दिला. तो म्हणाला, "अम्मी, मी ठीक हाये," आणि रहमतबी नंतर सगळ्यांना सांगत की त्याचा चेहरा खरंच तसा दिसत होता. जलालभाईंना तो तसा दिसला नाही. त्यांना तो फक्त थकलेला दिसला.

काही आठवड्यांनी जलालभाई एकटेच वाकलटोल्याला गेले. या वेळी फाट्यावर कोणी अडवलं नाही. फाट्यावर अडवायला माणूसच नव्हता, रस्ता रुंद करण्याचं काम निघालं होतं आणि कडेची सागाची, मोहाची झाडं तोडून आडवी टाकलेली होती. एका बाईला विचारत ते घरापर्यंत पोचले. मातीचं घर, अंगणात जाळं वाळत टाकलेलं. गोकुळाबाई दारात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी ओळखलं. सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत.

"बापूजीभाऊ?" जलालभाईंनी विचारलं.

"तळ्यावर गेले."

दाराशी बापूजींच्या चपला होत्या. जलालभाईंनी त्या पाहिल्या आणि नजर दुसरीकडे वळवली. काय बोलायचं ते येताना त्यांनी बसमध्ये मनात जुळवलं होतं. आता त्यातला एकही शब्द आठवेना.

"माफी मांगायले आलो, बाई," ते म्हणाले. "पोराच्या चुकीची नाई. त्यानं त्याची चूक सांगितली. मी चूप राह्यलो त्याची."

गोकुळाबाईंनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"तुमचा पोट्टा खरं बोलला," त्या म्हणाल्या. "तेवढं बरं झालं. आता माह्या भूपेशले कोणी नावं ठेवत नाई." मग त्यांनी वर पाहिलं. "पण तो येईन ना वापस. साल जाईन, दोन साल जाईन, येईन. त्याच्या मायनं देवाले तेवढं तरी म्हणावं."

"मी काई करू शकन तं..."

"नाई. काई नोका करू." त्यांच्या आवाजात तिरस्कार नव्हता, पण जागाही नव्हती. "आन् येत बी नोका जाऊ आता. तुमी आले का ह्यायले त्रास होते. दोन दोन दिवस जेवत नाईत." त्यांनी आतल्या अंधाराकडे मानेने दाखवलं.

जलालभाईंनी हात जोडले. आतून खोकल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. ते अंगणातून बाहेर पडले.

फाट्यावर आलं की रस्त्यापलीकडे तळ्याची पाळ दिसते. अलीकडच्या कडेला दोन बाया धुण्याच्या कपड्यांची बादली घेऊन उभ्या होत्या, तळ्याकडे जायला रस्ता ओलांडायची वाट पाहत. समोरून लोहखनिजाचे ट्रक एकामागोमाग चालले होते, मध्ये फट पडत नव्हती. जलालभाईही त्यांच्या शेजारी थांबले. ट्रक संपले, धूळ बसली, तशा त्या पलीकडे पळाल्या. जलालभाईंना पलीकडे जायचं नव्हतं, त्यांची बस याच बाजूने यायची होती. तोडलेल्या एका मोहाच्या खोडावर ते बसले. मूलला जाणारी बस आली. पलीकडे पाळ चढणाऱ्या त्या बायांकडे पाहता पाहता हात दाखवायचं त्यांच्याकडून राहून गेलं आणि ती न थांबता पुढे निघून गेली.